कोंबडेकाकांचं लाउंज

विमानतळावर झोपलेल्या माणसाला उठवणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. हळू बोलावं तर तो नुसती कूस बदलतो. मोठ्यानं बोलावं तर आजूबाजूचे चार जण उठतात आणि ज्याला उठवायचं तो तसाच घोरत राहतो. खांद्याला हात लावावा तर मोठे साहेब असे दचकतात, की बघणाऱ्याला वाटावं यांचा खिसाच कापला. शिवाय झोपेतून उठलेला माणूस पहिला राग काढतो तो उठवणाऱ्यावर. या सगळ्यातून वाट काढत कोंबडेकाकांनी आयुष्यभर माणसं उठवली आणि एकाचंही विमान चुकू दिलं नाही. असं ते स्वतःच सांगतात, पण जुन्या लोकांपैकी कुणी ते खोडून काढलेलं नाही.

काकांचं खरं नाव हजेरीपुरतं. विमानतळावर, विमानाची वाट बघणाऱ्यांनी आरामात बसावं म्हणून जी वेगळी, सजवलेली जागा असते, त्या लाउंजमध्ये ते कामाला. लाउंजचा पहिल्यापासून एक नियम होता: आत भोंगा वाजायचा नाही. बाहेर काय हाका मारायच्या त्या मारा, आत शांतता. मग आतल्या माणसाला त्याचं विमान निघालं हे कळायचं कसं? तर एका कर्मचाऱ्यानं प्रत्येकापाशी जाऊन सांगायचं. हे काम तरुणपणी काकांच्या गळ्यात पडलं आणि आठवड्याच्या आत पँट्रीतल्या कुणीतरी त्यांचं नाव ‘कोंबडा’ ठेवलं. कंपनीनं छातीवर ‘अतिथी सहायक’ असा बिल्ला लावला, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? वय झालं तसा कोंबड्याचा कोंबडेकाका झाला, एवढीच काय ती बढती.

त्यांची रीत ठरलेली होती. पाण्याचा पेला घेऊन जायचं, तो टेबलावर ठेवताना जरासा टक् आवाज होऊ द्यायचा, एक पाऊल मागे सरायचं आणि समोरचा माणूस जागाच आहे असं समजून नेहमीच्या आवाजात म्हणायचं, “आपल्या विमानाची वेळ झाली आहे.” नव्यानं लागलेल्यांना ते सांगत, “आपण झोपलो होतो हे कुणी पाहिलंच नाही, असं त्या माणसाला वाटलं पाहिजे. तोंड उघडं टाकून झोपला असेल तर आधी दुसरीकडे बघायचं.” यात कसली विद्या आहे असं कुणाला वाटेल. त्यांनी एकदा उठवून बघावं.

त्या काळी लाउंज खरोखरच बघण्यासारखं होतं. पाऊल रुतेल असा गालिचा, चामड्याच्या ऐसपैस खुर्च्या, रोज बदललेली फुलं आणि येणारी माणसं मोजकी. काका घरी येऊन सगळं काकूंना सांगत. काकू घरात बसून लोकांच्या कपड्यांची दुरुस्ती करायच्या. बाही लहान कर, चेन बदल, पँटची घडी सोड. काका बोलत असताना त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे त्यांना मध्ये प्रश्न विचारता येत नसे आणि काकांना रंग चढत असे. खुर्ची कशी, तर बसलं की माणसाला पोटात घेते. शांतता कशी, तर चमचा पडला तर लोक माना वळवून बघतात.

खुर्च्यांचं काकूंना फारसं काही नव्हतं. पण शांततेचं नाव काढलं की त्यांचा हात मशिनवर थांबायचा. कारण त्यांच्या दोन खोल्यांच्या बरोबर खाली गाड्यांचे पत्रे ठोकायचं गॅरेज होतं. सकाळी जी ठोकाठोक सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. सगळा संसार त्या ठोक्यांवर झाला. टाचण्या काढून काकू एवढंच म्हणायच्या, “मला एकदा तिथं बसून नुसतं गप्प राहायचंय.” काका म्हणायचे, “बघू.” हा ‘बघू’ म्हणजे काय असतो ते कुठल्याही बायकोला सांगायला नको.

पुढे बँकांनी कार्डं वाटायला सुरुवात केली. खिशात कार्ड असलं की लाउंज फुकट. मग काय विचारता? जो उठेल तो लाउंजमध्ये. दाराबाहेर रांग लागली. गालिचा उखडून गुळगुळीत फरशी बसवली, म्हणजे सांडलेलं पुसायला बरं. फुलं कागदाची आली, कप कागदाचे आले. लोक मोबाइल टेबलावर ठेवून साऱ्या खोलीला ऐकू जाईल असे घरचे तंटे सोडवू लागले. कुणी सँडविच रुमालात बांधून पिशवीत टाकतंय, कुणी दोन खुर्च्यांवर पाय पसरलेत, कुणाचं पोर सूपच्या भांड्यात चमचा आपटतंय. काका या सगळ्यांना एकाच नावानं ओळखायचे: कार्डवाले. तोंडावर “या साहेब”, आणि पँट्रीत आल्यावर, “आले, कार्डवाले आले. जन्मात खुर्ची बघितली नाही अशी बसतात.” काकांचं हे बोलणं काही चांगलं नव्हतं. पण आपली जागा डोळ्यांदेखत बिघडताना बघणाऱ्या माणसाच्या जिभेला थोडी सूट द्यावी लागते.

प्रवासीही वैतागलेले होते. एक फिरता विक्रेता नेहमी यायचा. औषधांचे नमुने भरलेली बॅग पायांत धरून उभ्यानं कॉफी पीत तो म्हणाला होता, “काका, तुम्हीच सांगा, यात आता काही अर्थ राहिलाय का? आधी बाहेर रांगेत उभं राहायचं, मग आत येऊन उभं राहायचं. फुकटची कॉफी नको पण रांग आवर, अशी गत झालीय. त्यापेक्षा गेटजवळचा बाक काय वाईट?”

“आपण थोडं आधी यायला हवं होतं साहेब,” काका म्हणाले.

“किती आधी?”

“वीसेक वर्षं.”

हे सगळं काकांनी घरी मात्र कधी सांगितलं नाही. घरी लाउंज होतं तसंच राहिलं. गालिचा होता, फुलं होती, चमचा पडला की लोक माना वळवत होते. त्यांना खोटं बोलायचं होतं असं नाही. पण घरात माणसाची जी काही पत असते ती अशाच कशावर तरी उभी असते, आणि ती आपल्या हातानं काढून घ्यायला जीव होत नाही. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही हे काकांनाही ठाऊक होतं. काकू कधी विमानतळावर येणारच नाहीत, या भरवशावर त्यांनी झाकून ठेवलं होतं.

आणि लेकीचा फोन आला. एकुलती एक लेक, लग्न होऊन दूरच्या देशात राहणारी. तिला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला आई हवी होती. काकांना इतकी लांब रजा मिळण्यासारखी नव्हती, तेव्हा काकूंनी एकटीनंच जायचं ठरलं. कागदपत्रं झाली, तिकीट आलं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचं म्हणून काकूंची झोप उडाली होती. तेवढ्यात लेक फोनवर म्हणाली, “आणि आई, माझ्या कार्डावर तुलाही लाउंजमध्ये जाता येतं. बाबांच्याच. मी सगळं करून ठेवलंय, तू फक्त दारात मोबाइल दाखव.”

काकूंची भीती पळाली. फोन खाली ठेवून त्या म्हणाल्या, “ऐकलंत का? मी तुमच्या लाउंजमध्ये येणार.”

काका घाईघाईनं कारणं शोधू लागले.

“कशाला उगीच,” ते म्हणाले. “गेट लांब असतं. तू पहिल्यांदा चाललीस. आपलं सरळ गेटपाशी जाऊन बसावं, विमान समोर दिसतं.”

“विमानात तर बसायचंच आहे. ते काय बघायचं?”

“खायला काही विशेष नसतं हल्ली.”

“मी खायला येतेय का? मी गप्प बसायला येतेय.” आणि थोड्या वेळानं, मशिनचं चाक हातानं फिरवत त्या म्हणाल्या, “लेकीकडे उद्या बाळ आलं, की मलाच कोण बसू देतंय. तेवढी ती दुपार मला द्या.”

खरं सांगायची हीच वेळ होती. काकांनी तोंड उघडलं, आणि “बघू” म्हणून मिटलं.

मग त्यांनी डोकं चालवलं. जुन्या लाउंजमधली एक, एकच चामडी खुर्ची अजून उरली होती. कोपऱ्यातल्या खांबामागे, खिडकीला लागून. हात ठेवायच्या जागी चामडं उडालं होतं, पण बैठक जुनीच, खोल. खांब मध्ये असल्यानं तिथं गोंगाटही जरा कमी पोहोचायचा. काकूंना त्या खुर्चीत बसवायचं, तोंड खिडकीकडे करून द्यायचं, म्हणजे पाठीमागं काय चाललंय ते दिसायचं नाही. काकांनी पाळी बदलून घेतली, त्या दिवशी सकाळीच कामावर गेले आणि खुर्ची अडवून ठेवायला हवी म्हणून पँट्रीतली पिवळी ‘नादुरुस्त’ पाटी आणून तिच्या पाठीला अडकवली. कार्डवाला कितीही दमलेला असो, नादुरुस्त खुर्चीत बसत नाही. आपल्या हुशारीवर काका खूश झाले आणि सूपची भांडी भरायला गेले.

त्यांच्या एक गोष्ट ध्यानात राहिली नाही, आणि ती नेमकी त्यांनीच घालून दिलेली होती. पूर्वी फर्निचर दुरुस्त करणारी माणसं यायची तेव्हा काय मोडलंय, कसं मोडलंय, कुणी मोडलं, यावर प्रवाशांसमोर चर्चा करत बसायची. काकांना ते खपत नसे. त्यांनीच शिस्त लावली होती: पिवळी पाटी दिसली की विचारायचं नाही, बोलायचं नाही, आवाज न करता उचलायचं आणि मागच्या दारानं न्यायचं. माणसं आज्ञाधारक निघाली. काका सूपवर झाकण ठेवून बाहेर आले तेव्हा खुर्ची चाकांच्या गाडीवर पालथी बांधून मालाच्या लिफ्टमधून खाली गेली होती.

काका धावत मागच्या दारापर्यंत गेले. तिथं सुपरवायझर उभा होता. वयानं काकांच्या मुलासारखा, पण कामावर असताना ते विसरणारा.

“बरं झालं तुम्ही पाटी लावलीत,” तो म्हणाला. “मी कधीचा म्हणतोय, ते धूड हलवा. त्या जागेत दोन छोट्या खुर्च्या बसतात.”

“ती दुरुस्त होऊन येईल ना परत?”

“ती? भंगारात गेली काका. तुम्हीच पाटी लावली आणि तुम्हीच विचारता?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खांबामागे दोन राखाडी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या आणि मांडून होतात न होतात तोच दोघं त्यांत बसलेही. काका हातातलं फडकं पिळत उभे राहिले. फडकं कोरडं होतं.

दुपारी काकू आल्या. शेजारच्या टॅक्सीवाल्यानं त्यांना विमानतळाच्या दारात सोडलं होतं आणि पुढचं सगळं त्यांनी विचारत विचारत स्वतः पार पाडलं होतं. लाउंजच्या काचेतून काकांना त्या दिसल्या. ठेवणीतले कपडे, खांद्याला लेकीच्या बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांची पिशवी, हातात मोबाइल उघडून धरलेला, आणि पुढे लांबच लांब रांग. दारावर कार्ड तपासणारी मुलगी सगळ्यांना एकच वाक्य सांगत होती, “आत जागा नाही, थांबावं लागेल.”

कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना मधून घ्यायचं नाही असा नियम होता. काका दारावरच्या मुलीजवळ गेले, घुटमळले आणि परत वळले. त्या मुलीला काहीतरी समजलं असावं. ती म्हणाली, “तुमच्या घरचं कुणी आहे का काका? रांगेतले लोक माझा जीव घेतील हो.”

“नाही नाही, असू दे. थांबेल ती,” काका म्हणाले.

आणि काकू थांबल्या. मागच्या पुढच्यांशी त्यांची ओळखही झाली. तोच तो औषधांचा विक्रेता त्यांच्या पुढे होता. लाउंजमध्ये कसा काही राम राहिलेला नाही, हे तो तळमळीनं त्यांना सांगत होता आणि काकू माना डोलावत ऐकत होत्या. काका काचेआडून ते बघत होते. सगळं आयुष्य जे झाकलं ते एक परका माणूस रांगेत उभ्या उभ्या उघडं करत होता, आणि काकांना सूपमध्ये पळी फिरवत राहण्यावाचून इलाज नव्हता.

अखेर काकू आत आल्या. बरोबर त्याच वेळी खांबामागचे दोघं उठले आणि विक्रेत्यानं बॅग टाकून एक खुर्ची धरली, काकूंना बसवलं आणि स्वतः पलीकडच्या टेबलावर कोपर टेकून उभा राहिला, कारण त्याचं विमान लागलंच होतं. काका ट्रे घेऊन गेले. चहा, पाव, केकचा तुकडा. आजवर हजारोंना दिला तसाच त्यांनी तो वाकून समोर ठेवला.

काकू हसल्या. “बसा ना जरा.”

“ड्यूटीवर बसता येत नाही.”

“ही ती खुर्ची?”

काकांनी नाही अशी मान हलवली. मग खालच्या आवाजात, टेबल पुसायचं निमित्त करत, त्यांनी पाटीची सगळी हकीकत सांगितली. काकूंना इतकं हसू आलं की चहा बशीविना कागदी कपातून हातावर सांडला.

“पण ती होती ना खरंच?” हात पुसत त्यांनी विचारलं.

“होती. सकाळपर्यंत होती.”

“आणि पोटात घ्यायची?”

“म्हणजे... लोक बसल्यावर तसं दिसायचं.”

“तुम्ही कधी बसला नाहीत?”

“आम्हाला परवानगी नाही.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं टाचण्या धरून ऐकलेलं सगळं सुख या माणसानं उभ्यानं, दुसऱ्यांना भोगताना पाहिलेलं होतं. लाउंज बिघडल्याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. याचं मात्र वाईट वाटलं.

“आणि हा गोंगाट कधीपासून?”

“झाली बरीच वर्षं. या कार्डवाल्यांनी वाट लावली सगळी,” काका सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

“मग मी पण कार्डवालीच की.”

“तुझं वेगळं आहे.”

“काय वेगळं? मलाही खुर्चीत बसायचं होतं.” काकूंच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला कापड कमी पडेल म्हणून सांगावं, तसं त्या बोलत होत्या. “ते तुमचं छान शांत लाउंज होतं, तेव्हा मला आत घेतलं असतं का कुणी?”

काकांनी टेबल पुन्हा पुसलं. “नसतं घेतलं,” ते म्हणाले.

“मग झालं तर.” काकूंनी केकचा तुकडा तोडला. “गोड आहे. जा तुम्ही, ते तिकडे कुणी बोलावतायत.”

खरंच कुणी बोलावत होतं. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईला यंत्रातून कॉफी काढता येत नव्हती. हातात कप धरून ती चोरट्यासारखी इकडेतिकडे बघत होती. एरवी काका म्हणाले असते, आले कार्डवाले. त्यांनी कप घेतला, बटण कुठलं ते दाखवलं, आणि साखर हवी का विचारलं. ती बाई म्हणाली, “मुलानं कार्ड दिलंय हो. आम्हाला कुठलं ठाऊक असणार इथलं.” काकांना तिच्याकडे नीट बघवेना.

मग कामाचा एक लोंढा आला. ताटं उचल, सूप भर, या टेबलावर पाणी, त्या साहेबांना विमानाची वेळ. खांबाकडे वळायला सवड मिळाली तेव्हा काकांना दिसलं, की काकू झोपल्या आहेत.

त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मान एका बाजूला टाकून, पिशवी पोटाशी धरून. मागे कुणाचा तरी फोन ठणाणत होता, चमचे पडत होते आणि एकही मान वळत नव्हती. काकू गाढ झोपल्या होत्या. तयारीच्या धावपळीत त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेजारची खुर्ची रिकामी झाली होती आणि फोनवर भांडत एक माणूस तिच्या रोखानं येत होता. काकांनी पुढचा मागचा विचार केला नाही. अंगात कंपनीचा कोट, छातीवर बिल्ला, हातात ओलं फडकं, तसे ते त्या खुर्चीत बसले. तो माणूस वळून दुसरीकडे गेला. सुपरवायझर लांबून बघत होता. तो दोन पावलं आला, थांबला, आणि स्वतःच ताटं उचलायला लागला.

काका बायकोकडे बघत बसले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला झोपलेलं असं पाहिलंच नव्हतं. रात्री ते आडवे व्हायचे तेव्हा तिचं मशिन चालू असायचं आणि सकाळी ते उठायचे तेव्हा स्टोव्हवर काहीतरी चढलेलं असायचं. मध्ये ती झोपत असणार, एवढं ते धरून चालले होते. तिच्या कपाळावर एक बारीक आठी होती आणि ती झोपेतही सुटली नव्हती. बोटांच्या टोकांना सुईनं टोचून टोचून आलेला कडकपणा होता. हजारो लोकांना झोपलेलं बघितलेल्या माणसाला हे एक झोपलेलं माणूस बघताना भरून आलं.

समोरच्या पडद्यावर तिच्या विमानापुढे ‘प्रवेश सुरू’ असं उमटलं. इतरांना काका याच वेळी उठवायचे. ते बसून राहिले. एवढी ती दुपार मला द्या, असं ती म्हणाली होती. द्यायला आता एवढंच हातात होतं. थोड्या वेळानं पडद्यावरची अक्षरं लाल झाली. तरी ते बसून राहिले. शेवटी दारावरची मुलगी आपली जागा सोडून आली. “काका,” ती हळूच म्हणाली, “त्या फ्लाइटची शेवटची वेळ चालू आहे. तुम्ही कुणाला कधी चुकवू देत नाही ना?”

काका उठले. पाण्याचा पेला भरून आणला, टेबलावर जरासा टक् वाजवला आणि एक पाऊल मागे सरले. “आपल्या विमानाची,” इथपर्यंत आले आणि थांबले. जन्मभर घोकलेलं वाक्य, पण या बाईला ‘आपल्या’ म्हणायला जीभ वळत नव्हती. मग ते पुढे झाले, वाकले आणि तिच्या हाताला हात लावून म्हणाले, “अगं, ऊठ.”

काकू ताडकन उठल्या. डोळे धड उघडलेही नव्हते. एक हात केस सावरत होता, पाय खाली चपला शोधत होते.

“उशीर झाला का हो? मला हाक नाही का मारायची?” त्या म्हणाल्या. “थांबा, तुमचा डबा भरून देते.” आणि स्वयंपाकघर जिकडे असायला हवं तिकडे दोन पावलं चालूही लागल्या.

“डबा नको,” काकांनी तिची पिशवी आपल्या खांद्याला लावली. “इकडे ये. तुझं विमान आहे.”